मशीनवर शून्य, रस्त्यावर थरथर: तारांच्या चाकाचा आऊट आणि बॅलन्सिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. मँचेस्टरला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची जुनी गाडी, घेतली आहे, तारांच्या चाकांची. ताशी ५५ मैलांच्या आसपास स्टीअरिंग हातात थरथरायला लागतं, ७० ला बरंच कमी होतं. टायरच्या दुकानात दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं. दोन्ही वेळा मशीनवर शून्य आलं, पण दुसऱ्या वेळी वजनं भलत्याच जागी लागली. दुकानदाराचं म्हणणं, तारांची चाकं अशीच असतात, काढून साधी बसवा. ते विचारतात, खरंच काढू का?

नका काढू. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: दुसऱ्या वेळी वजनं वेगळ्या जागी लागली. टायर तोच, रिम तीच, मधे गाडी फार तर शंभर मैल चालली असेल. मग चाकाचा जड भाग जागा कशी बदलेल? जागा बदलली ती मशीनवर चाक धरण्याची. तुमच्या चाकात दोष असेलही, पण तो अजून कुणी मोजलेलाच नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाळेच्या सुट्टीत सायकलच्या दुकानात बसायचो, आऊट, म्हणजे रिमचा वेडेवाकडेपणा, तारा आवळून-सोडून काढायला तिथेच शिकलो. गेली सव्वीस वर्षं इथे इंग्लंडच्या मिडलंड्स भागात जुन्या गाड्यांच्या चाकांत तारा भरतो. काम बदललंय असं मला कधी वाटलं नाही. गाडीचं हे सुटं होणारं तारांचं चाक ज्या रज-व्हिटवर्थ कंपनीने आणलं, ती कॉव्हेंट्रीची कंपनीही मुळात सायकलींचीच. १९०८ साली फ्रेंच ग्राँप्री शर्यतीसाठी नेपियर या ब्रिटिश मोटार कंपनीने ही चाकं लावलेल्या गाड्यांची नोंदणी केली, तेव्हा आयोजकांनी सुट्या चाकांना परवानगी दिली नाही आणि नेपियरने शर्यतीतून माघार घेतली. चाक झटक्यात बदलता येणं हा इतका मोठा फायदा होता. आणि चाक झटक्यात निघतं-बसतं ते ज्या रचनेमुळे, तीच रचना टायरवाल्याच्या मशीनला कळत नाही.

ती रचना आधी समजून घ्या. साध्या पत्र्याच्या चाकाला मधोमध गोल भोक असतं. मशीनच्या दांड्यावरचा कोन, म्हणजे शंकूसारखा निमुळता तुकडा, त्या भोकात जाऊन बसला की चाक मध्यावर आलं. तुमच्या चाकाच्या मधे लांबट नळी आहे आणि तिला आतून दाते आहेत, ज्याला आपण स्प्लाइन म्हणतो. पुष्कळांना वाटतं की हे दाते चाकाला मध्यावर धरतात. तसं नाही. दात्यांचं काम फक्त जोर पोचवायचं: इंजिनाचा आणि ब्रेकचा. चाकाला मध्यावर आणतात ते दोन उतार. एक उतार नळीच्या आतल्या टोकाला, तो गाडीच्या हबवरच्या, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या भागावरच्या, उतारावर टेकतो. दुसरा बाहेरच्या टोकाला, त्यात मोठ्या नटाचा उतार शिरतो. नट आवळला की चाक या दोन उतारांच्या चिमटीत येतं आणि स्वतःहून मध्यावर बसतं.

दुकानात काय होतं? नेहमीचा कोन नळीत घालतात आणि तो दात्यांच्या टोकांवर जाऊन ठेपतो. दात्यांची टोकं कुठे झिजलेली, कुठे मार लागलेली. चाक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे बसलं तर डोळ्याला कळणारही नाही. आता हिशोब करा. टायर-ट्यूबसकट चाक १६ किलोचं धरा. ते मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल, तर रिमवर, म्हणजे मध्यापासून साधारण १८० मिलिमीटरवर, सुमारे ४४ ग्रॅमची चूक दिसते. मशीन प्रामाणिकपणे ४४ ग्रॅम मागतं, दुकानदार प्रामाणिकपणे लावतो, आणि पडद्यावर शून्य येतं. चाक गाडीवर आपल्या उतारांवर नीट मध्यावर बसलं की तेच ४४ ग्रॅम जास्तीचे होतात. ६० मैलांच्या वेगाला तुमचं चाक सेकंदाला साधारण १४ फेरे घेतं. त्या वेगाला रिमवरचे नुसते ३० ग्रॅम जवळजवळ सव्वाचार किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतात, आणि ही ओढ सेकंदाला १४ वेळा वर-खाली, पुढे-मागे होते. वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. स्टीअरिंग थरथरणार नाही तर काय करेल?

म्हणून पुढच्या वेळी दुकानात गेलात की एक गोष्ट समोर उभं राहून करून घ्या. शून्य आलं की चाक सैल करायला सांगा, दांड्यावर अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरवून पुन्हा आवळायला सांगा आणि परत फिरवून बघा. आकडा ५ ग्रॅमच्या आत राहिला तर चाक मध्यावर धरलं गेलंय. १५-२० ग्रॅम किंवा जास्त आलं, तर ते बॅलन्सिंग रद्द समजा. मला वाटतं, तारांच्या चाकाच्या मालकाला एवढी एकच परीक्षा माहीत असली तरी निम्मा त्रास वाचेल. दुकानदाराला वाईट वाटायचं कारण नाही. त्यांच्याकडे रोज येणारी चाकं वेगळी असतात.

पण आत्ताच मशीनकडे जाऊ नका. बॅलन्सिंग हे शेवटचं काम आहे. चाक वेडंवाकडं असेल तर वजन लावून ते सरळ होत नाही. तोल सांभाळलेलं अंडाकृती चाक रस्त्यावर अंडाकृतीच चालतं.

आधी दोष कुठल्या चाकात आहे ते शोधा. स्टीअरिंग थरथरतंय म्हणजे बहुतेक पुढचं चाक. बसायची सीट थरथरली असती तर मागचं म्हटलं असतं. खात्रीसाठी एका बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावून चालवून बघा. बाजू मात्र बदलायची गरज नाही.

मग गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, आणि सगळ्यात आधी दाते तपासा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. तुम्ही चाक दोन्ही बाजूंनी धरून पुढे-मागे फिरवायचा प्रयत्न करा. टक-टक असा आवाज येऊन चाक हबवर जरासं हललं, तर एकतर नट सैल आहे नाहीतर दाते झिजलेत. नट आवळून परत बघा. तरी हललं तर चाक काढून दाते बघा. चांगला दाता वर सपाट असतो. झिजलेला करवतीसारखा टोकदार होतो. हबवर गेरूसारखी लाल भुकटी दिसली तर समजा की चाक आणि हब बऱ्याच दिवसांपासून एकमेकांवर घासतायत. अशा वेळी आऊट काढण्यावर एक पौंडही खर्च करू नका. आणि नुसतं चाक नवीन आणून जुन्या हबवर चढवू नका, झिजलेला हब नव्या चाकाचे दाते वर्षभरात खाऊन टाकतो. दोन्ही बदला.

दाते ठीक असतील तर पुढचं. एका ठोकळ्याला पेन्सिल बांधून रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. रिम पेन्सिलीपासून जवळ-लांब होत असेल तर आऊट आहे. रिम सरळ चालतेय पण टायर नाचतोय, तर दोष टायरचा. गराजमध्ये महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला सपाट चट्टा पडतो, तो काही वेळा जातच नाही. टायरच्या बाजूवर बनल्याची तारीख असते, चार आकडी, आठवडा आणि वर्ष. दहा वर्षांवरचा टायर असेल तर मी हातच लावत नाही, आधी टायर बदलून या म्हणतो.

आता आऊट.

टायर, ट्यूब आणि रिमवरची पट्टी काढून टाका. टायर न काढता आऊट काढणारे मी पाहिलेत. तार आवळली की तिचं टोक निपलमधून, म्हणजे रिममध्ये तार धरणाऱ्या छोट्या नटातून, वर येतं आणि ट्यूबमध्ये घुसतं, आणि ते कळतं तेव्हा तुम्ही हायवेवर असता. पट्टी काढल्यावर प्रत्येक निपलच्या डोक्याजवळ गंज उतरवणारं तेल घाला आणि रात्रभर तसंच ठेवा. पन्नास वर्षांचा गंज दहा मिनिटांत सुटत नाही.

चाक धरायचं कशावर? सगळ्यात उत्तम जागा तुमच्याच गाडीचा पुढचा हब. ब्रेकचे पॅड काढून ठेवा, बेअरिंगमध्ये खेळ नाही ना ते बघा, उतार पुसून स्वच्छ करा, चाक चढवा आणि नट नेहमीसारखा आवळा. माझ्या दुकानात मी भंगारातल्या गाडीचा हब स्टँडवर बसवलाय, पण तत्त्व तेच: रस्त्यावर चाक जसं धरलं जाणार, तसंच इथे धरायचं. सायकलच्या स्टँडसारखं कशावर तरी टेकवून काढलेला आऊट हा मशीनवरच्या त्या शून्यासारखाच असतो.

डायल गेज, म्हणजे बारीक फरक सुईने दाखवणारं माप, असेल तर उत्तम, नसेल तर पेन्सिल चालेल. दोन मापं घ्यायची. एक, रिम डावी-उजवीकडे किती सरकते. दुसरं, वर-खाली किती होते. वर-खालीचं माप रिमच्या बाहेरच्या कडेवर घेऊ नका, ती कड टायर काढता-घालताना ठेचलेली असते. टायर जिथे बसतो त्या सपाट जागेवर घ्या. त्या काळच्या जॅग्वारच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दोन्ही मापांना ३/३२ इंच, म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर, अशी सूट दिलेली आहे. मला ती जास्त वाटते. आजचे रेडियल टायर आणि आजचे रस्ते पाहता मी दीड मिलिमीटरवर चाक दुकानाबाहेर सोडत नाही, आणि एक मिलिमीटरचा प्रयत्न करतो.

तुमच्या चाकाला ६० तारा आहेत. त्यांच्या लांब आणि आखूड अशा दोन जाती आहेत. काही नळीच्या बाहेरच्या टोकापासून निघतात, काही आतल्या टोकापासून. बाहेरच्या टोकाच्या तारा रिमला बाहेर ओढतात, आतल्या टोकाच्या आत ओढतात, आणि सगळ्या मिळून मध्याकडे ओढतात. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं त्यातून निघतं. रिम एखाद्या ठिकाणी बाहेर आलीय? तिथल्या बाहेरच्या तारा पाव फेरा सैल करा आणि आतल्या पाव फेरा आवळा. जेवढं एकीकडून सोडलं तेवढं दुसरीकडून घ्यायचं, म्हणजे एकूण ताण तोच राहतो. रिम एखाद्या ठिकाणी उंच आहे? तिथल्या दोन्ही जातीच्या तारा सारख्या आवळा, रिम मध्याकडे खेचली जाईल. खोलगट आहे? दोन्ही सारख्या सोडा.

आधी उंचसखलपणा काढायचा, मग डावं-उजवं, मग परत उंचसखलपणा बघायचा. उलटा क्रम धरलात तर डावं-उजवं दोनदा काढावं लागेल. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी कधीच नाही. निपल फिरवायची दिशाही पहिल्यांदा गोंधळात टाकते, कारण तुम्ही पान्हा हबच्या बाजूने लावता आणि निपलचं डोकं पलीकडे टायरच्या बाजूला असतं. म्हणून पहिल्या दिवशी एक तार निवडा, तिच्यावर खडूने खूण करा, पाव फेरा फिरवा आणि गेजची सुई कुठे गेली ते बघा. मग परत होती तिथे आणा. पाच मिनिटं जातात, पण नंतर चुकत नाही.

निपल घट्ट बसलं असेल तर जोर करू नका. तारेवर मार्करने लांबीला सरळ रेघ ओढा. पान्हा फिरवल्यावर रेघ पीळ खाल्ल्यासारखी दिसली तर निपल फिरत नाहीये, तार पिळली जातेय. पिळलेली तार आज नाही तर सहा महिन्यांनी नळीजवळच्या वाकणात तुटणार. तेल, हलकी उष्णता, दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न. तरी नाही सुटलं तर ती तार कापून नवी घाला.

रिमच्या सांध्यावर, जिथे वेल्डिंग असतं, तिथे छोटासा उंचवटा बहुतेक चाकांना असतो. गेजची सुई तिथे टुणकन उडी मारते आणि परत जागेवर येते. त्याच्या मागे लागू नका. नवशिका माणूस त्या एका उंचवट्यापायी शेजारच्या आठ तारांचा ताण बिघडवतो. तसंच खड्ड्यात आपटून जी रिम बसलीय ती तारांनी सरळ होत नाही. तारांनी रिम ओढता येते, ठोकता येत नाही.

आऊट निघाला की एक माप अजून राहतं, ते बरेच जण विसरतात. रिम नळीच्या मानाने आत-बाहेर किती आहे? रिमवर आडवी सरळ पट्टी ठेवून नळीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि चारही चाकांचं जुळवून बघा. सगळ्या बाहेरच्या तारा थोड्या थोड्या जास्त आवळल्या गेल्या, तर चाक अगदी सरळ फिरेल पण अख्खी रिम दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेली असेल. मागच्या चाकाला मडगार्डची कड टायरला घासते तेव्हा हे लक्षात येतं.

आता ताण. माझ्या मते कौशल्य लागतं ते इथे. सुई सगळ्यांना दिसते, ताण ऐकावा लागतो. लहानसा पान्हा घ्या आणि एकेक तार रिमच्या बाजूला हलकेच वाजवत चला. ताणलेली तार खणखणीत, सुरात वाजते. सैल तार ठक्क करते. लांब तारांचा सूर खालचा आणि आखूड तारांचा वरचा असणार, त्यामुळे लांब तारेची तुलना लांब तारेशीच करा. कोल्हापूरच्या दुकानातले मिस्त्री तारांवरून नुसती बोटं फिरवायचे, आणि मधेच थांबून ‘ही बघ, ही रडतेय’ म्हणायचे. मी त्या तारेला हात लावून बघायचो, खरंच सैल असायची. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की ते नळीजवळ नाही, रिमच्या बाजूला वाजवायचे. तिथे शेजारच्या तारा एकमेकींना टेकत नाहीत आणि सूर स्वच्छ येतो. आजही मी तिथेच वाजवतो.

ताणाला एवढं महत्त्व कशासाठी? तार ढकलू शकत नाही, फक्त ओढू शकते. गाडीचं वजन चाकावर आलं की खालच्या तारांचा ताण कमी होतो, चाक फिरून त्या वर गेल्या की परत येतो. मुळात ताण भरपूर असेल तर हा चढउतार त्यात सहज मावतो. तार मुळातच सैल असेल तर खाली आल्यावर ती पूर्ण ढिली पडते आणि वर जाताना हिसका बसतो. एका मैलात असे आठशेच्या वर हिसके. म्हणून तुटतात त्या बहुतेक सैल तारा, जास्त आवळलेल्या नव्हेत. आणि एक तुटली की तिचा भार शेजारच्यांवर येतो. एक तुटली तर त्याच आठवड्यात बदला. एका चाकात चार-पाच तुटल्या तर एकेक बदलत बसू नका, सगळं चाक नव्या तारांनी भरून घ्या. नव्या भरताना स्टेनलेस स्टीलच्या घ्या. क्रोम चढवलेली तार चमकते छान, पण क्रोम चढवण्याच्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं.

एक चाक मला अजून आठवतं. एक बाई वडिलांची एमजीए, म्हणजे एमजीबीच्या आधीची गाडी, घेऊन आल्या होत्या. चाक नुकतंच कुठूनतरी आऊट काढून आणलेलं. गेजवर लावलं तर अर्धा मिलिमीटर, इतकं सरळ चाक मी स्वतःही रोज काढत नाही. पण वाजवत गेलो तर एका बाजूच्या सात तारा सलग ठक्क, ठक्क, आणि त्यांच्यासमोरच्या इतक्या ताणलेल्या की निपलजवळची रिम फुगलेली. रिमला पूर्वी कधीतरी मार बसला होता आणि कुणीतरी तो तारांनी लपवला होता. सुईला ते चाक निर्दोष होतं. मी रिम बदलून सगळ्या तारा नव्याने भरल्या. जुन्या तारा काढताना त्या सातातल्या दोन तारांच्या वाकणात केसाएवढी चीर निघाली. म्हणून कुणी नुसता गेजचा आकडा दाखवला तर समाधान मानू नका, पान्हा घेऊन वाजवून बघा.

इथे ब्रिटनमध्ये तर ही जबाबदारी पूर्णपणे आपली आहे. २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही. पूर्वी तपासनीस तुटक्या, सैल तारा बघायचा आणि गाडी नापास करायचा. आता तुमची १९७२ ची गाडी कुणीच बघणार नाही, तुम्ही बघितलं तरच.

टायर परत चढवण्यापूर्वी प्रत्येक निपलवरून बोट फिरवा. बोचेल ती तार कानशीने निपलच्या डोक्याबरोबर घासून सपाट करा. नवी पट्टी लावा. ट्यूब घालायचीच, कारण निपलच्या भोकांतून हवा जाते, भले टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असो. मात्र पुष्कळ ट्यूबलेस टायरच्या आतून कागदी लेबलं आणि उंच रेघा असतात, त्या ट्यूबला घासून भोक पाडतात. लेबलं खरवडून काढा, टाल्कम पावडर लावा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी आणा, म्हणजे वजनं कमी लागतात.

आणि आता बॅलन्सिंग. ज्याच्याकडे तारांच्या चाकासाठीचे दोन उतारांचे अडॅप्टर आहेत अशा ठिकाणी जा. फोनवर विचारताना ‘तारांचं चाक कराल का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘चाक उतारांवर धराल की दात्यांवर’ असं विचारा. जवळपास कुणी नसेल तर एखाद्या टर्नरकडून करून घेता येतं: भंगारातला हब आणि नट घ्यायचा, दोन्हींचे उतार तेवढे राखून मधून मशीनच्या दांड्याच्या मापाचं भोक लेथवर काढायचं. मी असा एक जोड वर्षानुवर्षं वापरतोय. तुमचं सामान तुम्ही घेऊन गेलात की कुठलाही टायरवाला काम करून देतो.

वजनं चिकटपट्टीची, रिमच्या आतल्या बाजूला, स्पिरिटने पुसलेल्या जागेवर. क्रोमच्या कडेवर ठोकायची वजनं लावू नका, क्रोम उखडतं आणि तिथून गंज सुरू होतो. पुढच्या चाकाला वजन लावल्यावर हाताने फिरवून ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना बघा. मशीनने ६०-७० ग्रॅमपेक्षा जास्त मागितलं तर लावू नका, थांबा. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवा आणि परत मोजा. एवढं वजन मागणारं चाक काहीतरी सांगत असतं: टायर खराब आहे, आऊट राहिलाय, नाहीतर चाक मध्यावर धरलेलं नाही.

गाडीवर चढवताना दाते, दोन्ही उतार आणि आटे पुसून ग्रीसचा पातळ हात द्या. नट चाक हवेत असतानाच आवळा. गाडीचा भार चाकावर आल्यावर आवळलं तर चाक उतारांवर नीट मध्यावर बसत नाही आणि एवढी मेहनत वाया जाते. तुमच्या गाडीला अष्टकोनी नट असतील. १९६८ पासून अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनी पंखांचे, म्हणजे बाहेर कान आलेले, नट बंद केले आणि त्या सुमारास हे आले. त्याला त्याचा खास पान्हा आणि तांब्याचा किंवा चामड्याच्या तोंडाचा हातोडा वापरा. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात. नटावर सोडवायच्या दिशेचा बाण असतो, तो वाचल्याशिवाय हातोडा उचलू नका. नवा नट घेताना आटे मोजा: जुन्या एमजीबीला इंचात १२ आटे, नंतरच्यांना ८. वीस-पंचवीस मैल चालवून परत एकदा नट तपासा, आणि शंभर मैलांनी तारा परत वाजवून बघा. नव्याने आवळलेल्या तारा थोड्या बसतात, एखाद-दुसरीला पाव फेरा द्यावा लागतो.

पुण्या-मुंबईकडे ज्यांच्याकडे एमजी टीसी आहे, १९४५ ते १९४९ मधली, १९ इंची बारीक चाकांची, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. १९ इंची मोटरसायकलचा टायर त्या रिमवर चढतो आणि सहज मिळतो म्हणून मोह होतो. मोटरसायकलच्या तारा कापून भरण्याचाही होतो. दोन्ही करू नका. मोटरसायकल वळणावर कलते, त्यामुळे तिच्या चाकावर भार जवळजवळ उभाच येतो. मोटार कलून वळत नाही, तिच्या चाकावर बाजूने रेटा येतो आणि तो तिरक्या तारांनीच झेलायचा असतो. टीसीच्या तारा मागवून घ्याव्या लागतात, वेळ लागतो, तोवर गाडी उभी ठेवा. आऊट काढायला मात्र तुमच्याकडे आमच्यापेक्षा चांगली माणसं आहेत. गल्लीतल्या जुन्या सायकल मिस्त्रीला बोलवा, चाक गाडीच्याच हबवर चढवून द्या, पाव फेऱ्याचा नियम सांगा आणि ताण त्याच्या बोटांवर सोडा.

मँचेस्टरच्या गृहस्थांनी या शनिवारी फक्त दोनच गोष्टी कराव्यात: ब्रेक दाबून दात्यांची टक-टक ऐकावी आणि पेन्सिल लावून पुढची दोन्ही चाकं फिरवावीत. काय दिसलं ते लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.